वठलेल्या झाडावरचं बिऱ्हाड

पोपट कुणाला माहीत नाही? बालवाडीत 'प' शिकलो तो पोपटाचाच. हिरवं अंग, लाल चोच आणि गळ्यात कंठा! पहिलीतल्या मुलाला खडू द्या, डोळे मिटून पोपट रंगवील. घोकून उत्तर दिलं की गुरुजी म्हणतात, "पोपटपंची नको!" आणि फजिती झाली की दोस्तमंडळी टाळ्या पिटतात, "पोपट झाला रे!"

म्हणूनच मी जेव्हा माझ्या भाचरांना सांगितलं, की आपल्या सह्याद्रीत एक पोपट असा आहे, ज्याचं डोकं पारव्यासारखं राखी आहे, पंख निळे आहेत आणि जो पश्चिम घाट सोडून जगात दुसरीकडे कुठेही राहत नाही, तेव्हा सातवीतला भाचा डोळे बारीक करून म्हणाला,

"मामा, उगाच आमचा पोपट करू नकोस हं!"

आता यावर काय बोलणार? पैज लागली. गेल्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस शाळेला जोडून सुट्टी आली, तेव्हा मी, भाचा आणि पाचवीतली भाची असे तिघं डोंबिवलीहून निघालो ते थेट आंबोलीला.

घाट चढताना

कोकण रेल्वेने सकाळी सावंतवाडी गाठली. सावंतवाडीला उतरून लाकडी खेळणी न घेता पुढे जाणारा माणूस विरळाच! चितारआळीत भाचीने लाकडाचे आंबे आणि केळी घेतली. रंगकाम इतकं हुबेहूब की केळं सोलायचाच मोह व्हावा. भाच्याने भोवरा घेतला. मग एसटीत बसलो.

सावंतवाडीहून आंबोली जेमतेम तीस किलोमीटर. पण काय ती वाट! एका वळणावर डोंगर उजवीकडे, तर पुढच्या वळणावर डावीकडे. खाली नारळी-पोफळी होत्या, वर येता येता गर्द रान सुरू झालं. पावसाळ्यात इथले धबधबे रस्त्यावर कोसळतात. जानेवारीत मात्र कड्यावर नुसती ओल होती. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर उंचावर आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथल्या कड्याला धडकतात आणि मग जो पाऊस पडतो, तो वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास! म्हणजे एका वर्षाचा पाऊस कुठे वाहून न जाता साठला, तर दोन मजली घर बुडेल.

आमचा मुक्काम माझ्या एका मित्राच्या घरी होता. घराच्या मागच्या दाराबाहेर परसू आणि परसूच्या पलीकडे थेट जंगल. मित्राचे वडील सत्तरी ओलांडलेले, काटक, डोक्याला कानटोपी. पोरांनी त्यांना लगेच 'आजोबा' करून टाकलं. रात्री चुलीपुढे उकड्या तांदळाची पेज पिताना भाच्याने विचारलं, "आजोबा, इथे निळा पोपट असतो का हो?"

आजोबा हसले. "आमच्यात पोपटाक कीर म्हणतत. निळो काय नि हिरवो काय, आमका सगळे कीरच. सकाळी दाखवतंय तुका."

"कीर इले बघा!"

"उठा रे पोरांनू! कीर येवची येळ झाली!"

बाहेर धुकं इतकं दाट की परसूतली विहीर दिसेना. आम्ही शाली गुंडाळून मागच्या पायरीवर बसलो. हळूहळू उजाडलं. 'कुटरूक... कुटरूक...' करत कुटुर्गा ओरडायला लागला. आणि मग एकदम रानाच्या टोकाकडून कर्कश आरडाओरडा ऐकू आला. शाळा सुटल्यावर पोरं फाटकाबाहेर पडतात ना, अगदी तस्सा.

"आवाज करू नकात," आजोबा कुजबुजले. "कीर इले बघा!"

सात-आठ पक्षी झाडांच्या मधल्या फटीतून बाणासारखे आले आणि समोरच्या सावरीवर उतरले. सावर म्हणजे काटेसावर. तिची पानं गळून गेली होती आणि लाल, मांसल फुलं फुलू लागली होती. इतक्यात धुकं फाटलं, ऊन सावरीवर पडलं, आणि भाच्याच्या हातातली दुर्बीण डोळ्यांना चिकटली ती सुटेचना.

"मामा... खरंच निळा आहे रे!"

डोकं, छाती आणि पाठीचा वरचा भाग राखी-निळसर. पंख निळे. लांब शेपटीही निळी, तिचं टोक मात्र पिवळसर. नराची चोच लाल आणि गळ्यात काळा कंठा. त्या काळ्या कंठ्याखाली आणखी एक निळसर-हिरवी झळाळती पट्टी, जणू दुहेरी गोफ. मादीला नुसता काळा कंठा असतो आणि तिची चोच काळपट. त्यामुळे या पोपटांत नर कोणता नि मादी कोणती, हे लांबूनही ओळखता येतं. शेपटीसकट लांबी जेमतेम सवा फूट, त्यातली जवळजवळ निम्मी तर शेपटीचीच!

याला मराठीत निळ्या पंखांचा पोपट किंवा मलबारी पोपट म्हणतात. व्हिगर्स नावाच्या शास्त्रज्ञाने १८३० साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव ठेवलं 'कोलंबॉइडिस', म्हणजे 'पारव्यासारखा'. लॅटिनमध्ये 'कोलंबा' म्हणजे पारवा किंवा कबूतर. पारवी छटा बघून ठेवलेलं हे नाव अगदी चपखल आहे.

निळा रंग जातो कुठे?

एक गंमत सांगू? या पोपटाच्या पंखात निळा रंग नसतोच!

भाची म्हणाली, "मामा, आत्ता तर डोळ्यांनी पाहिला!"

पाहिला, पण तो रंगपेटीतल्यासारखा रंग नव्हे. पोपटाच्या पिसात पिवळं, लाल असं रंगद्रव्य असतं. निळं मात्र नसतं. पिसाची अतिशय बारीक रचना अशी असते की तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला निळा भागच तेवढा विखरून आपल्या डोळ्यांकडे येतो. म्हणून तर निळं पीस कुटून त्याची पूड केली, तर ती निळी राहत नाही. रचना मोडली की रंग गेला! मग पोपट हिरवा कसा? या निळ्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा हात फिरला की झाला हिरवा. चित्रकलेच्या तासाला तुम्ही हेच तर करता.

हे महाशय इथेच का राहतात?

आपला नेहमीचा कंठवाला पोपट मोठा फिरस्ता. माणसांनी त्याला पिंजऱ्यातून परदेशी नेलं, तिथे काही सुटले, काही सोडले गेले, आणि आज लंडनच्या बागांतही त्यांचे थवेच्या थवे ओरडत फिरतात. थंडी असो, बर्फ असो, त्याला सगळं चालतं.

निळ्या पंखांच्या पोपटाचं तसं नाही. त्याला लागतं डोंगरातलं दमट, सदाहरित किंवा अर्धवट पानगळीचं रान. असं रान पश्चिम घाटाच्या रांगेत आहे. ही रांग सुमारे १६०० किलोमीटर लांब, पण रुंदीला अगदीच चिंचोळी. एका अंगाला कोकणची उष्ण किनारपट्टी, दुसऱ्या अंगाला देशावरची कोरडी पठारं. म्हणजे समुद्रात बेट असतं ना, तसं हे कोरड्या मुलखाच्या कडेला उभं राहिलेलं ओल्या रानाचं लांबट बेट. बेटावरच्या जिवांचं जसं होतं तसंच इथल्या जिवांचं झालं. ते इथेच घडले आणि इथलेच होऊन राहिले.

आंबोलीतच बघा. इथल्या एका भेकाचं नावच 'आंबोली भेक'. त्याची ओळख जगाला पटली ती २००९ साली. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी असलेल्या देवळाच्या तळ्यात एक इवलासा मासा सापडला. २०२० साली त्याला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असं नाव मिळालं आणि पुढच्याच वर्षी सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून निवडली. त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

समुद्रापलीकडे श्रीलंकेच्या डोंगरातही असाच निळसर-राखी डोक्याचा एक पोपट आहे. तोही फक्त तिथलाच बरं का!

तिखट लागत नाही!

सावरीवरचे पोपट आता न्याहारीत दंग झाले होते. एक जण फुलात चोच खुपसून मध चाखत होता. दुसरा एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायात कळी धरून, आपण भजी खातो तशी खात होता. पोपटाच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, म्हणून ही पकड इतकी पक्की. चढताना तो चोचीचाही आधार घेतो. जणू तिसरा पायच!

निळ्या पंखांचा पोपट फळं, बिया, कळ्या, मध असं बरंच काही खातो. उंबर म्हणजे तर मेजवानी. भातशेती दिसली की तिथेही पंगत मांडतो आणि शेतकऱ्याच्या शिव्या खातो.

"आणि मिरची?" भाचीने विचारलं.

पोपट मिरची खातो हे खरं, पण त्यात शौर्य काही नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या जिभेला आग लावतं. पक्ष्यांना त्याची झळ जाणवतच नाही. पोपटाला मिरची म्हणजे आपल्याला काकडी!

खाताना हे महाशय सांडतात मात्र फार. अर्धं खायचं, अर्धं टाकायचं. आईने असं आपल्याला कधी करू दिलं असतं का? पण रानात काही वाया जात नाही. खाली पडलेल्या फळांवर इतर प्राण्यांची न्याहारी होते.

चाळीतले भाडेकरू

दुपारी आजोबा आम्हाला परसूच्या टोकाला घेऊन गेले. तिथे एक उंच नाण्याचं झाड होतं. नाणा म्हणजे आपला रानातला लाकडाला चांगला वृक्ष. पण हा पार वठलेला. एक पान नाही, साल गळून पडलेली, बुंधा नुसता पांढुरका.

"हंयसर बसा. फुडे जाव नकात," आजोबांनी दूरच थांबवलं.

बुंध्यावर वरच्या बाजूला एक गोल भोक होतं. आम्ही बराच वेळ बसलो. मग एक नर आला. शेजारच्या फांदीवर बसून त्याने हळूच साद घातली. भोकातून काळपट चोचीचं एक राखी डोकं बाहेर आलं. नराने मान वरखाली हलवत आपल्या पोटातलं अन्न वर काढलं आणि मादीला भरवलं. दोन मिनिटांत तो गेला. डोकं पुन्हा आत!

या पोपटांची विण साधारण जानेवारी ते मार्च. मादी तीन-चार पांढरीशुभ्र अंडी घालते. अंधाऱ्या ढोलीत रंग लपवायची गरजच काय? गवत नाही, कापूस नाही, लाकडाच्या भुशावरच अंडी. तीन आठवड्यांहून थोडे जास्त दिवस ती अंड्यांवर बसते आणि तोवर नर तिला डबा पोचवतो. पिल्लं जन्मतात तेव्हा उघडी-नागडी आणि आंधळी. पावसाळा सुरू व्हायच्या आत त्यांना उडायला शिकायचं असतं.

पण मंडळी, खरी गोष्ट पुढेच आहे. पोपटाची चोच बी फोडायला भक्कम, पण झाडात घर कोरायला ती सुतारपक्ष्यासारखी पटाशी नव्हे. म्हणून तो दुसऱ्याच्या सोडलेल्या घरात बिऱ्हाड करतो. सुतारपक्षी किंवा कुटुर्गा लाकूड कोरून ढोली करतात, पिल्लं वाढवतात आणि निघून जातात. मग पोपट येतो, तोंडाशी थोडं कुरतडून दार आपल्या मापाचं करतो आणि राहायला लागतो. पुढे ती ढोली पिंगळ्याला मिळते, नाहीतर साळुंकीला. आणि ही कोरणारी मंडळी झाड निवडतात ते बहुधा वठलेलं किंवा कुजट फांदीचं, कारण ते लाकूड मऊ असतं. म्हणजे आपण ज्याला मेलेलं झाड म्हणतो, ती रानातली चाळ असते. भाडेकरू बदलतात, चाळ उभी राहते.

भाची म्हणाली, "आजोबा, तुमची चाळ छान आहे!"

आजोबा काही बोलले नाहीत. मग डोकं खाजवत म्हणाले, "ता झाड तोडूचा आसा. फाल्गुनात. परवानगी पण इली. जळणाक लाकडा नको?"

पोरांचे चेहरे पडले. भाचा माझ्याकडे बघायला लागला, मामा काहीतरी बोलेल म्हणून. पण मी काय बोलणार? चूल आजोबांची, झाडही त्यांचंच. शहरातून दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाने फुकटचा उपदेश करणं सोपं असतं.

माझी चौथीतली चूक

त्या रात्री पोरांना मी एक गोष्ट सांगितली. ती आजवर मी कुणाला सांगितली नव्हती.

मी चौथीत असताना गावच्या एका मुलाने ढोलीत हात घालून पोपटाचं पिल्लू काढलं आणि चार आण्यांना मला विकलं. मी ते बुटाच्या खोक्यात ठेवलं. दूधपाव भरवला, डाळ भिजवून भरवली. शाळेत सगळ्यांना ऐटीत सांगितलं, मी पोपट पाळलाय! चौथ्या दिवशी सकाळी खोकं उघडलं तर पिल्लू थंड पडलेलं. आजी म्हणाली, "त्याची आई अजून शोधत असेल रे." मी दोन दिवस त्या झाडाकडे गेलोच नाही. आईपोपट खरंच शोधत असेल, तर ते बघायची माझी हिंमत नव्हती.

आज अशा बऱ्याच गोष्टी मला माहीत आहेत, ज्या तेव्हा नव्हत्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या रानातले पोपट पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. पिल्लं काढायला कुणी ढोलीच फोडतं, कुणी झाडच पाडतं. म्हणजे त्या वर्षीची पिल्लं तर जातातच, पुढच्या कितीतरी वर्षांची घरंही जातात. रानात ढोल्या काही रोज नव्या होत नाहीत.

गोष्ट संपली तेव्हा पोरं गप्प होती. चुलीपलीकडे आजोबाही गप्प होते. विडी विझून गेली होती, तरी बोटात तशीच.

"मिरगापर्यंत"

दुसऱ्या दिवशी निघताना भाची आजोबांच्या पाया पडली. पिशवीतून तिने लाकडी आंबा काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. "आजोबा, हा तुम्हाला. झाडाच्या बदल्यात नाही हं, असाच."

आजोबांनी आंबा फिरवून फिरवून पाहिला. मग परसूच्या टोकाकडे बघत म्हणाले, "मिरगापर्यंत रवांदे ता झाड. पिल्ला उडान जांवदेत. मगे बघूया."

मिरग म्हणजे मृग नक्षत्र, जूनचा पहिला आठवडा. म्हणजे निदान या वर्षीची पिल्लं वाचली! भाचा परतीच्या वाटेवर सगळा घाट उतरेपर्यंत खिडकीतून डोकं बाहेर काढून रानच बघत होता. पैज हरल्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर त्यानेच आंबोलीला फोन लावला. मी शेजारी बसून ऐकत होतो.

"आजोबा, झाड?"

पलीकडून पावसाचा आवाज येत होता. "झाड उभा आसा, झिला. वाऱ्यान वरची फांदी मोडली, तीच चुलीत घातलंय. ढोली शाबूत आसा. पिल्ला गेली उडान. दोन दिसली माका. हिरवट डोक्याची."

"मग आता तोडणार?"

थोडा वेळ नुसता पाऊसच ऐकू आला.

"आता कित्याक तोडू? जळणाचा बघलंय दुसरा. फुडच्या वर्षी कीर खंय जातले?"

दोस्तांनो, तुम्ही कधी आंबोली, राधानगरी, कोयना किंवा गोव्याच्या सीमेवरच्या चोर्ला घाटात गेलात, तर पहाटे उठा आणि कान देऊन ऐका. कर्कश ओरडा आला की वर बघा. ढोली दिसली तर लांबूनच बघा, हात घालू नका, फोटोसाठी झाडावर चढू नका. कुणी पोपटाचं पिल्लू विकायला आलं तर आईबाबांना सांगा, घेऊ नका. आणि घरात पिंजऱ्यातला पोपट असेल, तर दार उघडून त्याला एकदम सोडूनही देऊ नका. पंख छाटलेला पक्षी बाहेर तगत नाही. आईबाबांना वन खात्याला कळवायला सांगा.

आणि आपल्या गावात एखादं झाड वठलं, कुणाच्या डोक्यावर पडण्यासारखं नसलं, तर तोडण्याआधी एकदा वर बघा. एखादं गोल भोक दिसेल. आत कुणीतरी बिऱ्हाड मांडलेलं असेल.